सोडलेला शार्क पोट वर करून परत येतो: हिवाळ्यातल्या पाड्रे आयलंडवरचं समस्या निवारण

टेक्सासच्या पाड्रे आयलंडवर डिसेंबर ते मार्च किनाऱ्यावरून मोठे शार्क पकडून सोडणाऱ्यांची एक तक्रार दर मोसमात कानावर येते. मासा नीट सोडला, शेपटी हलवत गेलाही, आणि थोड्या वेळाने शंभर पावलांवर पोट वर करून लाटांबरोबर परत आला. ह्यूस्टन-ऑस्टिनकडून गाडी काढून जाणाऱ्या आपल्या मंडळींचे फोन याच कारणासाठी येतात. ही भानगड इतक्यांदा निस्तरली आहे, की आता दोन प्रश्नांत बहुधा कळतं. गळ कापायचा कटर कुठे ठेवला होता? आणि फोटो काढायला किती वेळ गेला?

हिवाळ्यात इथे लागणारे मोठे मासे बहुतेक सँडबार जातीचे शार्क असतात, मधूनच एखादा सँड टायगर. या जाती अमेरिकेत संरक्षित आहेत, त्यामुळे ठेवून घेण्याचा प्रश्नच नाही. सँडबारची मादी वयात यायलाच दहा वर्षांहून जास्त लागतात. सँड टायगरची पिल्लं आईच्या पोटातच एकमेकांना खातात आणि एका वेतात जन्माला येतात फक्त दोन. अशा माशांपैकी एखादी मोठी मादी आपल्या हातून गेली, तर तिची जागा भरून निघायला कित्येक वर्षं जातात.

लक्षणं

खालीलपैकी काय दिसलं ते आधी आठवून बघा. पुढची तपासणी त्यावर ठरते.

- गुडघाभर पाण्यात मासा सरळ राहत नाही, हात काढला की एका कुशीवर कलतो.
- पहिल्या चरापर्यंत (वाळूच्या उंचवट्यांमधल्या खोलगट पट्ट्यापर्यंत) पोहत जातो, मग किनाऱ्याला समांतर वळतो आणि कलंडतो.
- पोटावर आणि परांच्या खालच्या बाजूला गुलाबी-लाल चट्टे आले आहेत.
- कल्ल्यांतून रक्त येतंय आणि गळ बाहेरून दिसत नाही.
- कल्ले उघडमीट करतात, पण खूप अंतराने किंवा अनियमित.
- डोळ्याजवळ बोट नेलं तरी पापणीसारखा पडदा वर येत नाही. ही खूण सँडबार, ब्लॅकटिप, बुल शार्क यांच्यासाठी चालते. सँड टायगरला हा पडदाच नसतो, त्याच्यावर ही परीक्षा करून घाबरू नका.

सातवं लक्षण म्हणजे काहीच न दिसणं. मासा अंधारात गेला, आपण टाळ्या पिटल्या, गाडीत जाऊन चहा घेतला. सुटलेला शार्क दगावतो तो बरेचदा पुढच्या काही तासांत, आपल्या नजरेआड. त्यामुळे ‘आमचे सगळे नीट जातात’ असं कोणी म्हटलं की मी विचारतो, सोडल्यावर किती वेळ पाहत होता?

हिवाळ्यात दोष कुठे शोधायचा

थंड पाण्याला नावं ठेवण्याआधी एवढं लक्षात घ्या. समुद्राचं पाणी १५ अंशांवर असताना त्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशांवर हाच आकडा सव्वासहाच्या आसपास येतो. थंडीत माशाच्या शरीराची ऑक्सिजनची गरजही कमी असते. म्हणजे ऑगस्टमध्ये लागलेल्या माशापेक्षा जानेवारीतल्या माशाला सावरायला चांगली संधी असते. तरीही तो परत येत असेल, तर वेळ वाया जातोय तो बहुधा किनाऱ्यावर. बोटं बधिर झालेली असतात, पक्कड सापडत नाही, हातमोजे ओले, हेडलॅम्पची बॅटरी उतरलेली, आणि उत्तरेचा वारा वाळू डोळ्यांत उडवत असतो. उन्हाळ्यात दोन मिनिटांत होणारं काम इथे सहा मिनिटं खातं.

दुसरी हिवाळी अडचण पाण्याच्या पातळीची. या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा फरक मुळात फूट-दीड फुटाचा. नॉर्दर म्हणजे उत्तरेचा थंड झोत आला, की वारा चंद्राला न विचारता पाणी बाहेर ढकलतो. काल जिथे कमरेएवढं होतं, तिथे आज पिंडरीएवढं. मोठा मासा अशा उथळ पट्ट्यावर आला की त्याला परत खोल पाण्यात नेण्याचं अंतर दुप्पट होतं.

आता तपासणी. सोप्या आणि फुकटच्या गोष्टींपासून सुरू करतो. बहुतेकांचा प्रश्न पहिल्या दोन पायऱ्यांतच सुटतो.

१. हत्यारं कुठे आहेत आणि काम कोणाचं आहे?

खर्च शून्य. आमिष पाण्यात जाण्याआधी बोल्ट कटर, लांब पक्कड, शेपटीची दोरी, मोजपट्टी आणि कोरडे हातमोजे एकाच बादलीत घालून पाण्याच्या कडेला ठेवा. गाडीत नको, कूलरवर नको. मग कामं वाटा: एक जण रॉडवर, एक लीडर (गळाला जोडलेली तार आणि जाड दोर) धरणारा, एक शेपटीवर. फोटो काढणारा चौथा असेल तर उत्तम. नसेल तर जो मोकळा असेल तो काढेल, त्याच्यासाठी कोणी थांबायचं नाही.

हे इतकं साधं आहे की लोक वाचून पुढे जातात, आणि सगळ्यात जास्त मासे इथेच दगावतात. घड्याळ लावून एकदा कोरडी तालीम करा. जाडजूड मित्राला वाळूवर झोपवा आणि मासा समजून गळ काढणं, मोजणं, फोटो, सगळं करून बघा. मासा उथळ पाण्यात आल्यापासून परत निघेपर्यंत दोन मिनिटं, हे माझं माप. तालमीत चार मिनिटं लागत असतील तर रात्री दोन वाजता गार वाऱ्यात आठ लागतील.

कटर एकदा उघडून-मिटून बघा. गेल्या हिवाळ्यानंतर तो गाडीच्या डिकीत पडून असतो आणि खाऱ्या हवेने त्याचा सांधा गंजून धरलेला असतो. तेलाचे चार थेंब पुरतात.

२. मासा कुठे धरला होता?

‘वाळूवर जेमतेम मिनिटभर होता’ हे उत्तर मला नेहमी मिळतं. शार्कला फासळ्यांचा पिंजरा नसतो. पाण्याबाहेर त्याचं सगळं वजन त्याच्याच यकृतावर आणि आतड्यांवर येतं, आणि शंभर किलोच्या माशाला ते चांगलंच महागात पडतं. शिवाय या जातींपैकी बहुतेकांना कल्ल्यांवरून पाणी वाहतं ठेवण्यासाठी पुढे सरकत राहावं लागतं. वाळूवर त्याचा श्वास बंद, आणि हवा पाण्यापेक्षा गार असेल तर उघडे कल्ले वाऱ्यावर आणखी कोरडे पडतात.

म्हणून कल्ले बुडतील एवढ्या पाण्यात, तोंड समुद्राकडे करून धरा. लाट तोंडातून येऊन कल्ल्यांतून जाते आणि थोडं काम ती करून देते. किनाऱ्याकडे तोंड केलं तर उलट होतं, कल्ल्यांत वाळू भरते. फ्लोरिडात तर संरक्षित शार्क पाण्याबाहेर काढायलाच कायद्याने मनाई आहे. टेक्सासमध्येही तोच नियम स्वतःला लावून घ्या, बरेच प्रश्न मिटतील.

कल्ल्यात हात घालून ओढणं, शेपटीला धरून कोरड्यात फरफटत नेणं, पाठीवर बसून फोटो काढणं हे तर कोणी करू नयेच. फोटो गुडघाभर पाण्यातही छान येतो. उलट जास्त चांगला येतो, कारण मासा जिवंत दिसतो.

३. गळ कोणता आणि तो लागला कुठे?

कल्ल्यांतून रक्त आणि गळ दिसत नाही, हे लक्षण असेल तर थेट इथे या. टेक्सासच्या हद्दीतल्या पाण्यात शार्कसाठी सर्कल हुक (टोक आत वळलेला गोलसर गळ) बंधनकारक आहे: टोक बाजूला न वळलेला, स्टेनलेस स्टीलचा नसलेला. कायद्यामागचं कारण व्यवहाराचं आहे. असा गळ घशातून सरकत येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात फिरून अडकतो, आणि चुकून माशात राहिलाच तर हळूहळू गंजून जातो.

पण सर्कल हुक वापरूनही तो पोटात जातो, ते आपल्या घाईमुळे नव्हे, उशिरामुळे. हिवाळ्यात सँडबार आमिष सावकाश उचलतो. रील मोकळं ठेवून ‘खाऊ दे, खाऊ दे’ करत बसलं की तो सगळं गिळतो. ड्रॅग (दोर सुटू नये म्हणून रीलला लावायचा ब्रेक) आधीच लावून ठेवा, म्हणजे तो वळून निघाला की दोरीच्या ताणाने गळ आपला आपण फिरतो. हिसका मारू नका. हिसका जुन्या, सरळ गळाची सवय आहे, सर्कल हुकला तो तोंडातून बाहेर काढतो.

गळाचा काटा पक्कडीने दाबून ठेवा. दोर ताणलेला असेल तर काटा नसलेला गळ सहसा सुटत नाही, आणि काढताना अर्धा वेळ वाचतो. तेवढं करायला मन धजत नसेल तर निदान दोन फुटी बोल्ट कटर घ्या. २०/० आकाराच्या गळावर छोटा कटर दातांनी सुपारी फोडल्यासारखा चालतो. घरी एक जुना गळ कापून बघा. एका दाबात तुटला नाही तर तो कटर इथे कामाचा नाही.

गळ घशाच्या आत असेल तर ओढाओढ करायची नाही. जेवढं जवळून जमेल तेवढं लीडर कापा आणि मासा सोडा. आत पक्कड घालून शोधाशोध केल्याने कल्ल्यांच्या कमानी फाटतात, आणि तो गंजणाऱ्या गळापेक्षा मोठा घाव आहे.

४. लीडर

लीडर माशाच्या लांबीपेक्षा मोठा हवा. शार्कची कातडी खरकागदासारखी खरखरीत असते. झुंजताना तो शेपटीने दोर मारतो, आणि मुख्य दोर कातडीला घासला की तुटतो. मग मासा गळ, तार आणि वजन घेऊन जातो. दातांजवळ पाच-सहा फूट केबल, त्याच्या पुढे दहा-पंधरा फूट जाड मोनो (एकाच तंतूचा नायलॉनचा दोर), हे इथे चालतं. तारांचं वजन (तारांनी वाळूत रुतून राहणारं) मुख्य लीडरला कमी ताकदीच्या दोरीने बांधा, म्हणजे तुटलंच तर निदान तेवढा भार माशामागे लोंबणार नाही. दोर दाबून जोडायच्या क्रिम्पच्या नळ्यांवर हिरवट थर दिसला की नवीन घाला. दोन डॉलरची बचत इथे करू नये.

५. झुंज किती चालली?

आता खर्च सुरू होतो. गुलाबी चट्टे आणि अंग सैल पडणं ही दोन लक्षणं एकत्र दिसली तर मासा थकलाय, रक्तात आम्ल साचलंय. त्याला सावरायला वेळ लागतो. हलक्या रॉडवर मोठा मासा तासभर खेळवणं काहींना शौर्य वाटतं. मला तो माशावरचा अत्याचार वाटतो आणि मी ते तोंडावर सांगतो.

आधी फुकटची गोष्ट करा: लटकवायचा काटा दोरीला लावून ड्रॅग मोजा. बरेच जण अंदाजाने ‘फुल’ म्हणतात आणि काट्यावर पाच-सहा किलो निघतात. मोठ्या माशासाठी दोर, रॉड आणि माणूस झेपवतील तेवढं, साधारण १० ते १५ किलो, ड्रॅग हवं. कमरेचा हार्नेस नसेल तर हे ड्रॅग हातांना पेलणार नाही, म्हणून हार्नेस आधी, नवीन रील नंतर. सहा-सात फुटी सँडबार वीस मिनिटांच्या आत लीडरवर यायला हवा. येत नसेल तर ५० किंवा ८० वर्गातलं मोठं रील घ्या, किंवा मोठं आमिष लावणं थांबवा.

जातीनुसार सहनशक्ती बदलते. सँडबार आणि सँड टायगर तसे चिवट. ब्लॅकटिप लवकर कोसळतो. हातोडीच्या डोक्याचा हॅमरहेड तर सगळ्यांत नाजूक. हिवाळ्यात तो क्वचितच लागतो, पण लागला तर मोजणं, फोटो, काही नाही. लीडर हाताला लागलं की पाण्यातच कापायचं.

६. समुद्रात नेऊन सोडणं

शेवटची पायरी, कारण इथे माणसाचा जीव मध्ये येतो. नुसतं ढकलून दिलेला थकलेला मासा पहिल्या वाळूच्या उंचवट्यावर अडकतो आणि लाट त्याला परत फेकते. त्याला उंचवट्यापलीकडच्या चरात न्यावं लागतं. एक जण पाठीच्या परावर, एक शेपटीच्या बुडाशी, मासा लाटांना सामोरा. दोन मोठ्या लाटांच्या मधल्या शांततेत पुढे जा, लाट आली की थांबा. मागे-पुढे हलवू नका. मागे ओढलं की पाणी कल्ल्यांतून उलटं जातं. फक्त पुढे, किंवा लाटेसमोर स्थिर.

केव्हा सोडायचं? शेपटीचा झटका हाताला रोखता येईनासा झाला आणि कल्ले एका लयीत चालू लागले की. शेपटीची दोरी आधी काढा, मग पुढे ढकला, आणि दोघांनीही एकाच बाजूला, शेपटीकडून मागे सरा. सावरलेला मासा कधीकधी वळतो. तो चिडलेला नसतो, पण त्याचं तोंड तुमच्या मांडीच्या उंचीवर असतं.

कमरेपेक्षा खोल जायचं नाही. पाणी १३-१५ अंशांवर असेल तर वेटसूट घाला. रबरी वेडर (बुटांसकट छातीपर्यंत येणारी पाणपँट) घालत असाल तर पट्टा करकचून आवळा, नाहीतर एका लाटेत ते पाण्याने भरतात. अंगरख्याखाली नुसती जीन्स घालून पाण्यात शिरणारा दर हिवाळ्यात एक तरी भेटतोच. त्याला मी गाडीतला हीटर चालू करायच्या कामाला लावतो.

मग खरी तपासणी: पंधरा मिनिटं पाहत राहा. उत्तरेचा वारा असेल तर किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, म्हणून टॉर्च घेऊन दक्षिणेकडे शंभर-दोनशे पावलं जाऊन बघा. मासा कलंडलेला सापडला तर पुन्हा तसंच न्या. दोनदा प्रयत्न करा. तिसऱ्यांदा आला तर थांबा. माणसं तोवर गारठलेली असतात आणि तिसऱ्या खेपेला पाय घसरतो.

कोकणातून वाचणाऱ्यांसाठी: हा खेळ तिकडे उचलून नेऊ नका. जाळ्यात व्हेल शार्क किंवा दुसरा संरक्षित प्राणी सापडला तर जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला महाराष्ट्र वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडून भरपाई मिळते. तिथे तोच रस्ता योग्य.

सगळं करूनही मासे परत येतात?

मग दिवस चुकतोय. नॉर्दर जोरात असताना, पाणी मागे गेलेलं असताना आणि सोबत एकच माणूस असताना मोठं आमिष टाकू नका. वारा उतरून दक्षिण-पूर्वेकडून हलका वाहू लागला की पाणी चढतं, चर खोल होतात, मासा सोडणं निम्म्याने सोपं होतं. आमिष ड्रोनने लांब टाकायचा विचार असेल तर इथे तो विसरा. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत ड्रोन उडवायला २०१४ पासून बंदी आहे, आणि हा किनारा नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ताब्यात आहे. कयाकने नेत असाल तर रात्री आणि एकट्याने नको.

कधी थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

तीन माणसांची टोळी नसेल, किंवा सहा फुटांवरचा मासा आजवर हाताळलेला नसेल, तर पहिल्या खेपेला उद्यानाचा परवाना असलेला गाइड घ्या. तो एका रात्रीत जे दाखवेल ते लेख वाचून येत नाही, हाही लेख धरून.

चावा, किंवा गळ माणसाच्या हातात खोल रुतला, रक्त थांबत नाही: घावावर घट्ट दाब, हाता-पायाला वरच्या बाजूला टूर्निके (रक्त रोखणारा करकचून आवळलेला पट्टा), आणि ९११ ला फोन. अडचण अशी, की मालाकीट या उद्यानाच्या अभ्यागत केंद्राच्या दक्षिणेला, मॅन्सफील्ड चॅनलपर्यंतच्या सुमारे ६० मैलांच्या वाळूच्या रस्त्यावर बहुतेक ठिकाणी फोनला रेंज नसते. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र जवळ नसेल तर लांब आत जाऊच नका. फोर-व्हील ड्राइव्ह पाचव्या मैलापुढे सक्तीची आहे. लिटल शेल आणि बिग शेलच्या शिंपल्यांच्या सैल पट्ट्यात गाडी रुतली आणि पाणी चढत असलं, तर स्वतः खणत बसण्यापेक्षा आधी मदतीचा निरोप पाठवा, मग खणा.

पाण्यातून आलेला माणूस थरथरायचा थांबला आणि बोलताना अडखळू लागला, तर तो बरा झालेला नाही. ही हायपोथर्मियाची पुढची पायरी आहे. ओले कपडे काढा, गाडीत कोरड्या ब्लँकेटमध्ये गुंडाळा आणि मदत मागवा. शार्कचं त्या क्षणी काहीही होवो.

सँडबार किंवा सँड टायगर मेलाच, तरी तो घरी नेता येत नाही, दात म्हणूनसुद्धा नाही. पाण्यात परत द्या.

कडाक्याच्या थंडीत कधीकधी शार्कऐवजी बधिर झालेली समुद्री कासवं किनाऱ्याला लागतात. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात टेक्सासच्या किनाऱ्यावर ती हजारोंनी सापडली होती. त्यांना उचलून परत पाण्यात टाकू नका, बुडतील. उद्यानाच्या कर्मचाऱ्यांना कळवा, त्यांच्याकडे कासवांसाठी वेगळं पथक आहे.

आणि माशाच्या पाठीवर आधीच टॅग असेल, तर तो उपटू नका. शेवाळ बोटाने पुसा, क्रमांक वाचा, लांबी आणि जागा लिहून ठेवा आणि टॅगवर छापलेल्या पत्त्यावर कळवा. मोजायला दुसरा हात मोकळा नसेल तर लांबी अंदाजाने लिहा आणि पुढे ‘अंदाजे’ असं नोंदवा.